बावीस नंबरचा डावा हात

फेब्रुवारीच्या मध्यावर कधीतरी एक संध्याकाळ अशी येते, की साडेपाच वाजून जातात आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायचा राहून गेलाय हे लक्षातच येत नाही. ऑक्टोबरात घड्याळं तासभर मागे केल्यापासून चहाच्या वेळेलाच अंधारात बुडणारं डब्लिनच्या कडेचं आमचं ओंगार त्या दिवशी जरा रेंगाळतं. समोरच्या घरातले आजोबा कुत्र्याला घेऊन निघतात आणि भेटेल त्याला 'ग्रँड स्ट्रेच इन द इव्हनिंग्ज' असं सांगत सुटतात. दिवस लांबल्याचा आनंद या देशात एकट्याने करत नाहीत, तो दुसऱ्याला सांगावा लागतो. मलाही आनंद होतो, नाही असं नाही. पण त्या उजेडाबरोबर गेल्या वर्षीचा हिवाळा परत येतो, आणि त्या हिवाळ्यात एक मुलगा असतो, ज्याच्याशी मी आयुष्यात एक शब्दही बोललेलो नाही.

तो हिवाळा मी एकट्याने काढला. ऑक्टोबरात नागपूरला माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. माझी बायको मृणाल तिकडे गेली, आणि आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला, सईला, माझ्यावर सोडून जाण्याइतका तिचा माझ्या स्वयंपाकावर विश्वास नसल्यामुळे सईलाही घेऊन गेली. त्याच महिन्यात माझ्या कंपनीने आमची अख्खी टीम कामावरून काढून घरी पाठवली. मृणालला मी हे पंधरा दिवस सांगितलंच नाही. तिच्याकडे तेव्हा काळजीला जागा नव्हती. मागच्या अंगणात सईचं ट्रॅम्पोलिन होतं, त्यावर ओली पानं साचत गेली आणि मी ती खिडकीतून बघत राहिलो.

जुन्या ऑफिसातल्या एका मित्राने काम मिळवून दिलं. टोरोंटोतली एक छोटी कंपनी होती. आइस हॉकी खेळणाऱ्या तरुण मुलांचे अहवाल तयार करायचे आणि मोठ्या संघांना विकायचे, हा तिचा धंदा. अमेरिका-कॅनडातले व्यावसायिक संघ दर जूनमध्ये जगभरातल्या अठराच्या आसपासच्या मुलांमधून आपली माणसं निवडतात. एकेक नाव पुकारलं जातं. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधीचा सगळा हिवाळा मुलं हेरण्यात जातो. सामन्यांच्या चित्रफितींवर एक प्रोग्रॅम आपोआप खुणा करायचा, आणि त्याच्या चुका मी दुरुस्त करायच्या. बर्फ मी तोवर फक्त फ्रीजमध्ये आणि गाडीवरच्या गोळ्यात पाहिलेला. पण चुका शोधण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे, मृणालला विचारा.

कंपनीचा मालक ग्लेन हा साठीतला जुना स्काउट, म्हणजे मुलं हेरणारा, होता. डिसेंबरात त्याने माझे शेरे वाचले आणि मला एक मुलगा पूर्ण सोपवला. लिथुआनियाचा, फिनलंडमधल्या एका गावच्या ज्युनिअर संघात खेळणारा मातास. पाठीवर बावीस नंबर. त्याचे सामने आमच्या दुपारी चार वाजता असत. ग्लेनने फोनवर एकच धडा दिला: पककडे बघायचं नाही, पोराकडे बघायचं. पक म्हणजे ती रबराची काळी चकती, जिच्यासाठी बाकी सगळं जग मरमर मरतं.

आता अडचण अशी, की कॅमेरा पकच्याच मागे धावतो. खेळाडू एका वेळी जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर असतो, मग धापा टाकत बाकावर जातो आणि दुसरे उतरतात. त्या पाऊण मिनिटातही पक पलीकडच्या कोपऱ्यात गेला, की बावीस नंबर चौकटीतून नाहीसा. मग मी त्याची वाट बघत बसायचो. कडेने आधी त्याची काठी यायची, मग तो. हे वाट बघणंच माझं काम होतं.

रोज सकाळी साडेनऊला नागपूरचा व्हिडिओ कॉल. फोन कपाटाला टेकवलेला असायचा. सई चौकटीत यायची, 'आयम ग्रँड, बाबा', मी मजेत आहे, एवढं सांगायची आणि निघून जायची. मग मला भिंत दिसायची, भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं, आतून मामेभावांचा दंगा ऐकू यायचा. ती तिथल्या शाळेत कोणाशेजारी बसते, डब्यातलं काय परत आणते, आजोबांच्या खोलीत जायला घाबरते का, हे मला माहीत नव्हतं. बावीस नंबर मात्र उजव्या पायातल्या बुटाची नाडी आधी आवळतो, चूक झाली की छताकडे बघतो, बाकावर बसताना शेजारच्याच्या गुडघ्याला काठीने हळूच टोकतो, हे सगळं मला ठाऊक होतं. मला त्याची लाज वाटायची. तरी चार वाजले की मी चहा घेऊन त्याच्यासाठीच बसायचो.

एकदा मी मोठ्याने म्हणालो, "अरे वळ ना, वळ." तो वळला नाही. पण त्या दिवशी घरात उच्चारलेलं ते माझं पहिलं वाक्य होतं. कॉल झाला नव्हता, सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं. कुकरची शिट्टी सोडली तर दिवसभर घरात आवाज नव्हता. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला टॅला उपनगरातल्या एका मित्राने आग्रहाने बोलावलं, तर मी मॅच आहे म्हणून टाळलं. कोणती मॅच, हे त्याने विचारलं नाही आणि मला सांगायची फार इच्छा होती.

जानेवारीच्या शेवटी मला शंका आली. भिंतीशी धक्काबुक्की होते तेव्हा बावीस नंबर आता डावी बाजू पुढे करत नव्हता. आधी करायचा. गोल झाल्यावर सगळे हात वर करतात, तोही करायचा, पण आता उजवाच. मी जुन्या चित्रफिती काढून पुन्हा पाहिल्या. ख्रिसमसच्या आधी एकदा तो भिंतीवर आपटला होता, आणि त्यानंतर डावा हात खांद्याच्या वर गेलाच नव्हता. किमान चौकटीत तरी.

ग्लेनच्या अहवालात दुखापतीसाठी एक वेगळा रकाना होता आणि तो भरायची पद्धत कडक होती. प्रत्येक शेऱ्यापुढे लिहायचं, स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं. ऐकलं असेल तर कोणाकडून. आणि त्याच्यापुढे, शंका की खात्री. मी लिहिलं: डावा खांदा, पाहिलं, शंका. ग्लेनचा लगेच फोन आला. एका संघाला हा मुलगा शेवटच्या फेऱ्यांत घ्यायचा होता आणि ते आमच्याच अहवालाची वाट बघत होते. शंकेवर ते नाव खोडणार नाहीत, खात्री असेल तरच खोडतील, असं तो म्हणाला. मार्चमध्ये लहान देशांच्या अठरा वर्षांखालच्या संघांची एक स्पर्धा बेलफास्टला होती, लिथुआनियाचा संघ येणार होता. टोरोंटोतून बघणाऱ्याला डब्लिन आणि बेलफास्ट म्हणजे नागपुरातली शेजारशेजारची धंतोली आणि रामदासपेठ. तू जाऊन बघ, तो म्हणाला. कोपऱ्यात बसायचं, ओळख सांगायची नाही, आईबापांशी बोलायचं नाही. या धंद्यात तसंच करतात.

मी घराजवळच्या क्लोनसिला स्टेशनवरून पहिली ट्रेन धरली, डब्लिनच्या कॉनली स्टेशनवर बदलून बेलफास्टला गेलो. बरोबर माकडटोपी, वही आणि डबा. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं. पहाटे उठून पुऱ्या लाटताना मी गुणगुणत होतो, हे मला आता आठवतं. कोणीतरी सहलीला निघाल्यासारखा मी निघालो होतो. तीन महिने ज्याला बघत होतो तो आज कॅमेऱ्याशिवाय दिसणार होता.

रिंकवर प्रेक्षक मूठभर आणि थंडी बाकांतून वर चढणारी. मी सांगितल्याप्रमाणे कोपरा धरला. सरावाला मुलं उतरली. बावीस नंबर पडद्यावरच्यापेक्षा उंच होता आणि कितीतरी लहान. गालावर मुरुमं होती. पाणी प्यायला तो उजव्या हाताने कठड्याला धरून आला आणि डावा हात पोटाशी ठेवून उभा राहिला. मी वहीत लिहिलं. मग एक बाई आल्या आणि एवढं अख्खं स्टेडियम रिकामं असताना माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसल्या. पंचेचाळिशीच्या असतील. फुगीर जाकीट, आणि बोटांची टोकं थंडीने भेगाळलेली.

खेळाच्या तीन भागांतला पहिला संपला आणि मला भूक लागली. आता यात माझा दोष किती आणि आईने लावलेल्या वळणाचा किती, ते मला सांगता येणार नाही. शेजारी माणूस बसलेलं असताना डबा उघडायचा आणि एकट्याने खायचं, हे माझ्याच्याने होत नाही. घास उतरत नाही. मी डबा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी नको म्हटलं, मी आग्रह केला, त्यांनी एक पुरी घेतली, मग दुसरी. तिखट आहे का विचारलं. मग नाव सांगितलं, रासा. आयर्लंडमधल्या मोनॅहनजवळ मशरूमच्या शेडमध्ये काम करतात. दहा वर्षं झाली. बर्फाकडे बोट दाखवून म्हणाल्या, तो माझा मुलगा.

त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाचे?"

"कोणाचाच नाही," मी म्हणालो. "मला खेळ आवडतो, म्हणून आलो."

त्यावर त्या खूश झाल्या, कारण त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. मुलगा सात वर्षांचा असताना त्याला आपल्या आईकडे ठेवून त्या आयर्लंडला आल्या. बूट, काठ्या, बर्फावरचा सराव, सगळं इथून पाठवलं. घरी जायच्या त्या उन्हाळ्यात, तेव्हा बर्फ नसायचा. मुलाला प्रत्यक्ष सामन्यात खेळताना त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. एवढ्या हेल्मेटांमध्ये आपला कुठला हेच सापडत नाही, म्हणाल्या. मी त्यांना बावीस नंबर कधी उतरतो ते दाखवलं. पंचेचाळीस मोजा, मी म्हणालो, मोजून झाले की तो बाकावर परत येईल. त्या बोटांवर आपल्या भाषेत मोजायला लागल्या. बेचाळीस-त्रेचाळीसला तो परतला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्याला बोलावून घेतलं.

मग मी बोलत सुटलो. तो छताकडे का बघतो, शेजाऱ्याच्या गुडघ्याला कसा टोकतो, उजवा बूट आधी. तीन महिन्यांत कोणाला सांगायला मिळालं नव्हतं ते सगळं. एवढं तुम्हाला कसं ठाऊक, हे त्यांनी विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही. आपल्या मुलाबद्दल कोणी इतकं बोलतंय यातच त्या हरखून गेल्या होत्या. दोन एकटी माणसं एका डब्यावर बसली होती, इतकंच ते होतं. माझा त्या वर्षातला तो सगळ्यात चांगला तास होता, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या भागात तो भिंतीवर आपटला आणि वाकून बाकाकडे गेला. रासांनी माझी बाही धरली. मान खाली घालून हळू आवाजात त्या म्हणाल्या, "खांदा फाटलाय त्याचा. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय. जूनपर्यंत कोणाला बोलू नकोस, असं मला फोनवर बजावलंय त्याने." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो निवडला गेला, तर मी उगाच नव्हते गेले त्याला सोडून, असं मला म्हणता येईल."

डब्यात एक पुरी उरली होती, ती मी त्यांना दिली. निघताना त्यांनी माझा फोन नंबर घेतला. ड्राफ्टच्या दिवशी त्यांची शिफ्ट असणार होती, आणि नाव आलं नाही तर मातास फोन उचलणार नाही हे त्यांना माहीत होतं. मी बघून कळवीन का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी अहवाल भरायला घेतला. ड्रोहेडा येईपर्यंत मी तो एकच रकाना बघत होतो. रासांचं मी काही लिहिणार नाही, हे ठरवायला वेळ लागला नाही. ऐकलं या चौकटीला मी हात लावला नाही. पाहिलं, असंच लिहिलं, आणि ते खरंही होतं, तो हात मी जानेवारीपासून पाहत होतो. मग शंका की खात्री, यावर बोट आलं. मी खात्री निवडलं.

स्वतःची समजूत घालायला मला बरीच कारणं सापडली. संघाला खरं कळायला हवं. मुलाचा खांदा कायमचा जाईल. माझा तर्क आधीपासूनच बरोबर होता. सगळी बरोबरच होती, आणि तरी जे पाहिलं त्यावर शंकाच लिहिता आली असती. शंकेची खात्री माझ्या डोळ्यांनी केली नव्हती, पुऱ्यांनी केली होती. दुसऱ्या दिवशी ग्लेन म्हणाला, आता तू स्काउट झालास. नोकरी गेल्यापासून कोणी माझ्या कामाचं कौतुक केलं नव्हतं. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून पचलेलं नाही.

मे महिन्यात सासरे काठी घेऊन चालायला लागले आणि मृणाल-सई परत आल्या. मला दुसरी नोकरी लागली. सईने ट्रॅम्पोलिनवरची पानं स्वतः झाडून काढली आणि नागपूरच्या मामेभावांनासुद्धा आपण कपाटाला आयरिश लोकांसारखं प्रेस म्हणायला लावलं असं अभिमानाने सांगितलं. घर भरलं. मृणालला मी ग्लेनच्या कामाचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, बेलफास्टचं सांगितलं. रासांचं सांगितलं नाही. माणसांनी भरलेल्या घरात एक गोष्ट एकट्याने सांभाळायची, हे रिकाम्या घरात एकटं राहण्यापेक्षा जड जातं, हे मला त्या जूनमध्ये कळलं.

ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्या आमच्या संध्याकाळी झाल्या. आठ वाजले तरी मागच्या अंगणात लख्ख ऊन होतं. मी पायरीवर लॅपटॉप घेऊन बसलो. नावं येत गेली. ज्या संघाला बावीस नंबर हवा होता, त्याने त्याच्या जागी दुसरा कोणी उंच मुलगा घेतला. शेवटचं नाव झालं आणि यादी संपली. मी कळवण्याआधीच रासांचा फोन आला. मागे शेडमधल्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

नाव आलं नाही, मी म्हणालो.

त्या शांतपणे म्हणाल्या, निदान आता ऑपरेशन तरी करून घेईल. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्यांना खांद्याचं कळलं असेल का? कसं कळेल? मी तर फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

त्यात आरोप नव्हता. असता तर मी कदाचित खोटं बोललो असतो.

"मीच लिहिलं," मी म्हणालो. "मुलं हेरणं हेच माझं काम होतं. बेलफास्टला त्यासाठीच आलो होतो."

पंख्यांची घरघर चालू राहिली. अंगणात सई उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला कुंपणावर तिचं डोकं दिसत होतं.

रासा म्हणाल्या, "मला जेवण दिलंत, तेव्हाच ठरवलं होतंत?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. ते खरं आहे हे त्यांना पटवून द्यायला माझ्याकडे काहीही नव्हतं. त्यांची मधली सुट्टी संपल्याची घंटा वाजली आणि फोन बंद झाला. नंतर मी माफीचा संदेश पाठवला, एकदाच. त्यांनी तो वाचला. उत्तर आलं नाही.

ग्लेनचं काम मी सोडलं, पण बावीस नंबर सुटला नाही. उन्हाळ्यात त्याचं ऑपरेशन झालं, हे क्लबच्या बातमीत वाचलं. सगळा हिवाळा तो खेळला नाही, तरी मी अधूनमधून सामने लावून बसायचो आणि कॅमेरा चुकून बाकाकडे वळला तर साध्या कपड्यांत कोणी दिसतंय का बघायचो. दिसला नाही. आणि मग या शनिवारी, चार वाजता, खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव आलं.

मी चहा ठेवला तो तसाच राहिला. साडेपाच वाजून गेले होते, दिवा लावलेला नव्हता, खिडकीत अजून उजेड होता. तिसऱ्या भागात तो उतरला. पक कोपऱ्यात गेला, तो चौकटीतून गेला, मी वाट बघितली. कडेने आधी काठी आली, मग तो, आणि पक सरळ त्याच्याकडे आला. गोल साधाच होता, नजरेत भरण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण मग त्याने हात वर केले. दोन्ही. डावा खांद्याच्या वर गेला, हेल्मेटच्या वर गेला आणि तिथेच राहिला. सई शेजारून म्हणाली, "बाबा, आर यू क्राइंग? इट्स ओन्ली अ गोल, लाइक." मी म्हटलं, कांदा चिरत होतो. तिने रिकाम्या ओट्याकडे पाहिलं.

तेवढ्यात फोनवर संदेश आला. आठ महिन्यांनी. रासांचा.

'एकेचाळीस सेकंद,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. 'मी मोजले.'

त्यात माफी नव्हती, आणि ती शोधायचा मला हक्कही नव्हता. मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो, कारण पडद्यावर बावीस नंबर पुन्हा कठड्यावरून उतरत होता. या वेळी दोन्ही हातांवर भार देऊन. मोनॅहनला कुठेतरी हाच सामना बघत त्या बोटांवर मोजायला लागल्या असतील, आपल्या भाषेत. मीही मोजायला लागलो, माझ्या. सई माझ्याकडे बघत होती, आणि कॅमेरा पकच्या मागे निघून गेला तरी मी मोजणं थांबवलं नाही.